‘सोड’ म्हणेपर्यंत

प्रेमिला मारभते नेमकं काय काम करते, हे तिच्या गावात आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. गडचिरोलीला कॉलेजात शिकवते, इथवर सगळ्यांचं एकमत. काय शिकवते म्हणून विचाराल तर गावाचे दोन तट पडतात. एक म्हणतो पीटी शिकवते, दुसरा म्हणतो कायदा शिकवते, आणि पानठेल्यावरचं हे भांडण तोंडातला खर्रा संपेपर्यंत चालतं. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. खेळ आणि माणसाचे हक्क हा तिचा विषय. त्यात तिनं डॉक्टरकी मिळवली. सुईची नव्हे, पुस्तकातली. तरी गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या अजून तिला दुखरे गुडघे दाखवायला येतात, आणि ती बिचारी दाबूनही बघते.

गाव पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगल जिथं धानाच्या बांध्यांना येऊन टेकतं तिथं. गावाला मोठा तलाव आहे. कागदावर माजी मालगुजारी तलाव, त्याचं लोकांनी केलं मामा तलाव, आणि लेकरं आता त्याला खरोखरच मामा म्हणतात. धिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, घरं पाळीला, तलावाच्या बांधाला लागून. त्या घरांतलं लेकरू आधी पोहतं आणि मग चालतं, असं गावातले बाकीचे लोक सांगतात. काहीतरीच. आधी आत्या यावी लागते.

या वस्तीत लेकराला पाण्यात उतरवायचा मान आत्याचा. लेकरू पाच-सहा वर्षांचं झालं की बापाची बहीण येते, पळसाच्या द्रोणात दिवा लावून पाण्यावर सोडते, छातीइतक्या पाण्यात उभी राहते आणि लेकराला दोन्ही तळहातांवर उताणं निजवते. मग कुणी काही बोलायचं नाही. लेकरू आपणहून ‘सोड’ म्हणेपर्यंत आत्यानं हात काढायचा नाही, सकाळची दुपार झाली तरी. आणि सोडल्यावर लेकरानं ‘धर’ म्हटलं, की जो जवळ असेल त्यानं धरायचं. तिथं मानपान नाही, जुनं वैर असलं तरी धरायचं. एवढं झालं की तलाव त्या लेकराचा. त्याआधी मात्र घोट्याच्या वर पाणी चढू द्यायचं नाही. आणि आत्या जिवंत असताना दुसऱ्या कुणाचा हात लावला, तर ती आत्या मेली असंच समजतात.

प्रेमिलाला तिच्या भागरता आत्यानं उतरवलं होतं. भागरता आत्या म्हणजे अंगानं आडवी, दातांना कायम गुडाखूची तंबाखू आणि जीभ अशी की कुत्रंसुद्धा वाट सोडून जाईल. पण पाण्यात उतरली की ती बाई वेगळीच व्हायची. प्रेमिलाला ते सगळं अजून दिसतं. पाठीखाली दोन खरबरीत हात. कानांत पाणी शिरलं तसा गावाचा आवाज विझत गेलेला. वर नुसतं आभाळ, आणि त्यातून सावकाश सरकणारे बगळे, जणू त्यांनाही कुणीतरी तळहातावर धरलं होतं. घर, शाळा, माय, सगळं पाळीपलीकडं राहून गेलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती ‘सोड’ म्हणाली, आणि हात कधी गेले ते तिला कळलंही नाही. आत्या काळे दात दाखवून हसली. “झाली तलावाची,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर काही वर्षं प्रेमिला घरात कमी आणि पाण्यात जास्त असायची. मरळीसारखी सुळकन निघायची. आणि एका हिवाळ्यात, दूरच्या शहरातल्या एका निवासी क्रीडा केंद्राची माणसं पोहणारी पोरं शोधत गावोगाव फिरत होती, ती या तलावावर आली. प्रेमिला सगळ्यांच्या पुढं निघाली. गावाला केवढा आनंद झाला म्हणता, दंडारीवाल्यांनी ढोल काढून तिला एसटीपर्यंत पोचवलं. तिला कुणी विचारलं नाही, जायचं का म्हणून. ती तरी काय सांगणार होती? अकरा वर्षांच्या पोरीला ढोल वाजला की आवडतोच.

तिथलं पाणी निळ्या फरशीचं होतं. त्याला दवाखान्याचा वास यायचा आणि त्याचा तळ दिसायचा. तळ दिसणारं इतकं खोल पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिला ते उघडंवाघडं वाटलं. तिथले सर पोरांची डोकी पाण्याखाली दाबून धरायचे, त्यानं दम वाढतो म्हणायचे. दमून काठ धरला तर बोटांवर चप्पल ठेवायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा प्रेमिला ओरडली, “धरा सर, धरा.” बाकीची पोरं हसली. पोहायला आलेली पोरगी धरा म्हणते, याचं त्यांना हसू आलं. सरांनी चप्पल आणखी दाबली.

मार तर तिला घरीही पडायचा, माराचं तिला काही नव्हतं. पण ‘धर’ म्हटल्यावर कुणीच धरत नाही अशी जागा जगात असते, हे तिला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. ते तिला फार लागलं. अगदी आतून लागलं.

दुसऱ्या वर्षी ती परत आली. कान फुटला, डॉक्टर पाण्यात जायला नको म्हणाले, असं तिनं सांगितलं आणि गावानं मान्य केलं. कान ही मोठी सोयीची वस्तू, आत काय झालंय ते बाहेरून कुणाला दिसत नाही. भागरता आत्यानं तेवढं तिच्याकडं बराच वेळ टक लावून पाहिलं. काही विचारलं नाही. पुढं आत्याही गेली.

प्रेमिलानं त्यानंतर तलावात पाऊल टाकलं नाही. मग तलावच तिच्याकडं यायला लागला. नागपूरला शिकायला होती तेव्हा होस्टेलच्या खोलीत झोपेत यायचा. पुढं गडचिरोलीला नोकरी लागली, तिथंही आला. स्वप्न थोड्याफार फरकानं तेच. ती वर्गात शिकवते आहे आणि दाराखालून पाणी आत येतं आहे, हिरवट, संथ, शिंगाड्याच्या वेलींसकट. पाणी बाकांपर्यंत चढतं. पोरं वह्या डोक्यावर धरून ऐकत राहतात. फळ्याजवळून एक कटला मासा शांतपणे निघून जातो. शेवटच्या बाकावर भागरता आत्या बसलेली, पदर पाण्यावर पसरलेला. भीती कुणालाच वाटत नाही, प्रेमिलालासुद्धा नाही. आत्या काहीतरी बोलायला तोंड उघडते, आणि इथं प्रत्येक वेळी जाग येते. उठल्यावर ती ओल्या केसांना हात लावावा तसा कोरड्या केसांना हात लावून बघायची.

दिवसाउजेडी मात्र तिनं कामाला वाहून घेतलं. पोहणं सुटलं तरी पाय धावत होते. कबड्डी खेळली, खेळाचं शिक्षण घेतलं, आणि मग तो विषय धरला. विषय कुठून सुचला म्हणून मार्गदर्शक सरांनी विचारलं तेव्हा ‘वाचनातून’ म्हणाली. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या शाळा, माजरीकडच्या कोळशाच्या वसाहती, सगळीकडं बसनं, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून फिरली. तिची कामाची रीत अशी, की लेकरांना कागद द्यायचा नाही. कागद दिसला की लेकरू परीक्षा समजतं आणि खोटं बोलतं. ती चुलीतल्या राखेनं जमिनीवर गाव काढायची. हा रस्ता, ही शाळा, ही विहीर. मग म्हणायची, तुम्ही जिथं खेळता तिथं आपला खडा ठेवा. एवढं झालं की ती रिकाम्या जागांकडं बोट दाखवायची. इथं खडा का नाही? तुला इथं कोण खेळू देत नाही? या दोन प्रश्नांवर तिची सगळी डॉक्टरकी उभी आहे. पोरींचे खडे त्या मोठ्या होतील तसे मैदानातून विहिरीकडं आणि विहिरीकडून चुलीकडं सरकत जातात, हे तिला पुस्तकांनी नाही, राखेनं दाखवलं.

आणि कॉलेजात उद्याचे खेळशिक्षक समोर बसले की पहिल्या दिवशी ती फळ्यावर दोनच शब्द लिहायची. धर. सोड. लेकराला खेळायचा हक्क आहे तसा थांबायचाही आहे, म्हणायची. त्याचं ‘धर’ ज्याला ऐकू येत नाही आणि ‘सोड’ ज्याला सोसत नाही, त्यानं शिट्टी गळ्यात घालू नये. मग एका मुलीची गोष्ट सांगायची, जिच्या बोटांवर चप्पल ठेवली होती. ती मुलगी कोण, हे आजवर कुणी विचारलं नाही. काही पोरं ते दोन शब्द हँडबॉलचे नियम समजून उतरवून घेतात, ते वेगळं.

गावच्या वामनरावांना हे सगळं थोतांड वाटायचं. वामनराव म्हणजे मच्छीमार संस्थेचे जुने अध्यक्ष. अध्यक्षपद गेलं, पण आवाज राहिला. एकदा त्यांनी तिला पाळीवर गाठलं.

“खेळाचा हक्क म्हंजे का वं पोरी? आमी लहानपनी खेळलो, तवा कोनाले इचारलं होतं?”

“कोनी अडवलं नाई नं काका तुमाले? तोच तर हक्क.”

“मंग आता कोन अडवते?”

“तेच तं शोधून राह्यली,” प्रेमिला म्हणाली, आणि स्वतःच्या उत्तरावर खूश होऊन घरी गेली.

आता खरी गोष्ट. प्रेमिलाचा धाकटा भाऊ खुशाल, त्याची बायको पुनम आणि त्यांची एकुलती पोरगी दिव्यानी. खुशालला दुसरी बहीण नाही. म्हणजे दिव्यानीला उतरवणारी आत्या एकच, आणि ती वर्षातून दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला तेवढी हमखास घरी यायची. पहिल्या वर्षी तिला सर्दी झाली होती. पुढच्या वर्षी दुसऱ्याच दिवशी कुठंतरी परिसंवाद निघाला. त्याच्या पुढच्या वर्षी पाणी फार गार होतं. आणि काहीच सुचलं नाही तर कान होताच, हुकमाचा एक्का. ‘नाही’ असं ती एकदाही म्हणाली नाही. पुढच्या वर्षी नक्की, म्हणायची, आणि तसं म्हणताना तिला ते खरंही वाटायचं.

अशानं दिव्यानी नऊ वर्षांची झाली. तिच्या बरोबरीच्या पोरी सांडव्यापर्यंत पोहत जाऊन शिंगाडे तोडून आणायच्या, आणि ही पाळीवर बसून त्यांच्या कपड्यांची राखण करायची. कपडे मात्र नीट सांभाळायची हं, घड्या घालून, वर दगड ठेवून. घोट्यापर्यंतचं पाणी तेवढं तिचं.

यंदाच्या मंडईत, नाटक बघून जागलेलं गाव दुपारी पेंगत होतं. अंगणात लेकरं गोळा झाली आणि प्रेमिलाच्या मागं लागली, तुमचा तो राखेचा खेळ दाखवा म्हणून. तिलाही कंटाळा आलाच होता. तिनं राख आणली आणि आपलाच गाव काढायला बसली. देऊळ काढलं, शाळा काढली, मंडईचं मैदान काढलं. सगळ्यात शेवटी तलाव काढला. तो काढताना तिचा हात जरा जास्तच वेळ फिरत राहिला. पाळीचं वळण, सांडवा, कमळांचा कोपरा, सगळं बरोबर आलं. लेकरांनी भराभर खडे ठेवले. तलाव खड्यांनी भरून गेला. दिव्यानीनं आपला खडा पाळीवर ठेवला, रेघेवर अगदी नेमका, आणि हात झटकले.

प्रेमिलानं सवयीनं विचारलं. शेकडो लेकरांना विचारताना आवाज आपोआप मऊ व्हायचा, तसाच झाला. “इथी काऊन ठेवला? पान्यात काऊन नाई?”

“पान्यात जाऊ देत नाई.”

“कोन जाऊ देत नाई तुले?”

दिव्यानीनं तिच्याकडं पाहिलं. राग नाही, रडं नाही. वाटसरूला बसस्टँड कुठं ते सांगावं तशी म्हणाली, “तू.”

लेकरांना त्यात काही विशेष वाटलं नाही, ती पुढच्या खड्यावरून भांडायला लागली. प्रेमिला मात्र उकिडवी बसली होती ती तशीच राहिली. जन्मभर रिकाम्या जागांकडं बोट दाखवत फिरली, आणि बोटाच्या मागं आपण उभ्या आहोत हे तिला दिसलं नव्हतं. तिला शरम वाटली. इतकी शरम तिला निळ्या फरशीवरही वाटली नव्हती.

दिवेलागणीला पुनम चुलीवर शिंगाडे उकडत होती आणि खुशाल ओसरीवर जाळं विणत बसला होता. प्रेमिला उंबऱ्यावर येऊन बसली.

“खुशाल, दिव्यानीले दुसऱ्या कोनाकडून काऊन नाई उतरवलं रे?”

“तू जिती असताना?” खुशालनं मान वर न करता म्हटलं. “मेली का तू?”

“पन मी कदी नाई म्हटलं?”

“नाई तं नाईच म्हटलं, बाई. हो बी नाई म्हटलं.”

चुलीपाशी पुनमचा हात थांबला. इतकी वर्षं ती नणंदेसमोर या बाबतीत बोलली नव्हती. आता बोलली. “मले भेव लागते, बाई. पान्याकाठचं लेकरू अन् पोहता येत नाई. वावरात जातो तं अर्धं ध्यान माहं पाळीवरच राह्यते.”

तेव्हा प्रेमिला म्हणाली, “माहा कान कधी फुटलाच नव्हता.”

आणि मग तिनं सांगितलं. निळी फरशी, दाबलेली डोकी, बोटांवरची चप्पल. जे वर्गात एका मुलीचं म्हणून सांगायची, ते पहिल्यांदा स्वतःचं म्हणून सांगितलं, आणि गंमत म्हणजे या खेपेला सगळं तिला नीट सांगताच आलं नाही. वाक्यं अर्धवट राहत होती. खुशालच्या हातातली जाळ्याची सुई थांबली होती. पुनमनं उकडलेले शिंगाडे उतरवले, सोलले, आणि तिच्यापुढं ठेवले.

“मले वाटतच होतं,” खुशाल म्हणाला. “कानाचं दुखनं असं नसते.” मग जाळं बाजूला सारून म्हणाला, “राहू दे बाई. वामनकाकाले सांगतो मी. पुनमच्या मावशीकडून उतरवू. लोकं का म्हणाचे ते म्हणतीन.”

आता बघा, किती सोपं झालं होतं. एक मान हलवली असती तर सुटली असती. पोरीला तलाव मिळाला असता, हिचं कानाचं निमित्त गावापुढं शाबूत राहिलं असतं. फक्त या वस्तीच्या हिशेबी आत्या मेली असती. प्रेमिलानं तोंडातला शिंगाडा सावकाश चावून गिळला.

“नाई,” ती म्हणाली. “उद्या सकाळी. मीच.”

सकाळी तलावावर धुकं होतं. पलीकडचं जंगल अजून उमटायचं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते सांगता येत नव्हतं. पाणडुब्या दिसत नव्हत्या, त्यांचा आवाज तेवढा कुठूनतरी यायचा. प्रेमिलाला क्षणभर वाटलं की आपण अजून झोपेतच आहोत आणि आता फळ्याजवळून कटला जाईल. पाळीवर पुनम होती, दिव्यानीच्या मैत्रिणी होत्या, त्यांचे कपडे राखायचं काम आज कुणालाच नव्हतं. वामनराव घोंगडी पांघरून दगडावर बसले होते. खुशाल डोंगा घेऊन शिंगाड्याच्या वेलींकडं गेला होता. रीतच तशी, बापानं लांब राहायचं.

तिनं दिवा लावून द्रोण सोडला. तो दोनदा गोल फिरला आणि धुक्यात निघून गेला. मग तिनं पाय घातला.

पायाला गाळ लागला, मऊ, गार, बोटांमधून वर येणारा. गुडघ्यापर्यंत ठीक होतं. मांड्यांपर्यंत आलं तेव्हा पावलं लहान पडायला लागली. कमरेला पाणी लागलं आणि तिला दवाखान्याचा वास आला. तलावाला तसला वास नसतो हे ठाऊक असूनही आला. ती थांबली. मागून वामनराव म्हणाले, “पानी का चावते का वं?” पुनमनं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी घोंगडी तोंडावर ओढून घेतली. प्रेमिला श्वास घेत उभी राहिली, आणि हळूहळू तो वास गेला. मागं उरला शेवाळाचा, कमळाच्या पानांचा, ओल्या डोंग्याचा वास. भागरता आत्याच्या पदराचा वास. ती छातीइतक्या पाण्यात गेली आणि हात पसरले.

दिव्यानी आली ती दात वाजवतच. प्रेमिलानं तिला उताणं निजवलं. पोरीचं अंग आधी लाकडासारखं ताठ होतं. मग कानांत पाणी शिरलं असावं, कारण तिचे डोळे वेगळेच झाले. ती वर पाहू लागली. धुकं विरत होतं, त्यातून एक बगळा गेला, मग आणखी एक. पाळीवर सगळे चूप. पोरगी हातांवर हलकी हलकी होत गेली, इतकी की आपण पाणीच धरून उभ्या आहोत असं प्रेमिलाला वाटलं. तिला आपण कोणत्या वर्षात आहोत हे समजेना. तळहातांवर ती होती, की तळहात तिचे होते? तिला बरं वाटत होतं. खूप वर्षांनी इतकं बरं वाटत होतं, आणि हे असंच राहावं, दुपार व्हावी, संध्याकाळ व्हावी, असं तिला वाटलं.

“सोड,” दिव्यानी म्हणाली.

प्रेमिलानं ऐकलं. आभाळाकडं पाहिलं.

“आत्या, सोड.”

हात सुटेनात. सोडायचंय हे डोक्याला कळत होतं, पण बोटं पोरीच्या पाठीखाली आवळली होती, काठ धरावा तशी. सोडलं तर ही खाली जाईल. सोडलं तर निळी फरशी. दिव्यानी अंग ताठ करून चुळबुळायला लागली. वेलींकडून खुशालचा आवाज आला, “बाई, पोरगी सोड म्हणून राह्यली.”

“दुखते मले,” दिव्यानी म्हणाली. “सोड नं.”

‘सोड’ ज्याला सोसत नाही. फळ्यावर दरसाल लिहिणारा हात हाच होता. प्रेमिलाला ते चप्पलवाले सर आठवले, आणि पहिल्यांदाच त्यांची नुसती चप्पल नाही, तोंडही आठवलं. त्या तोंडावर काय होतं ते तिला आता कळलं. आपल्या हातून एखादं लेकरू बुडेल याची भीती होती. ती भीती त्यांनी पोरांच्या डोक्यावर ठेवली, बोटांवर ठेवली. तिला त्यांची कीव आली नाही. पण ती भीती आता आपल्या हातात आली आहे, एवढं तिला स्वच्छ दिसलं.

तिनं एकेक बोट उघडलं.

दिव्यानी खाली गेली. नाकातोंडात पाणी गेलं, खोकली, हात फडफडवले, आणि मग पालथी होऊन निघाली. इतकी वर्षं पाळीवरून बघून बघून पोहणं तिला तोंडपाठच होतं. नुसतं पाणी नव्हतं मिळालं. पाळीवर पोरी ओरडायला लागल्या. वामनरावांनी घोंगडी बाजूला टाकली. दिव्यानी कमळांच्या रोखानं गेली, वेडीवाकडी, पाणी उडवत, आणि मध्येच थांबली. दम संपला होता. तिनं मान वळवली. खुशालचा डोंगा वेलींत अडकलेला, लांब. पाळ त्याहून लांब. ती घाबरलेली नव्हती. आपल्याला धरतील याची ज्याला खात्री असते, त्यानं म्हणावं तसं ती म्हणाली.

“धर.”

प्रेमिलानं विचार केला नाही. विचार करायला वेळ असता तर कदाचित केलाही असता. पाणी कानांवरून गेलं, गावाचा आवाज विझला, हात आपले आपण पुढं गेले, आणि पुढच्याच क्षणी पोरगी तिच्या हातांत होती, थरथरणारी, हसणारी, नाकातून पाणी गाळणारी. तिला छातीशी धरून प्रेमिलानं उभं राहायला म्हणून पाय खाली सोडले. खाली काहीच नव्हतं. गाळ नाही, दगड नाही, फरशी नाही. मामा तलाव तिथं खोल आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिचे पाय सावकाश हलत राहिले, आणि दोघी तिथंच तरंगत राहिल्या. धुकं पुरतं गेलं होतं आणि पलीकडचं जंगल आपल्या जागी येऊन उभं राहिलं होतं. प्रेमिला रडत होती. पाण्यात ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं, पण दिसलं असतं तरी तिला चाललं असतं.

दिव्यानीनं दम घेतला. मग सांडव्याकडं बघितलं.

“आता सोड,” ती म्हणाली.

प्रेमिलानं लगेच सोडलं.